भाकरी, आतडे आणि वारशाने येणारा कर्करोग

बीदर शहराजवळचे कमठाणा हे गाव नकाशावर कर्नाटकात असले, तरी तेथील ताटाला राज्याची सीमा ठाऊक नाही. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. कचेऱ्यांची भाषा बदलली, पण चुलीवरची भाकरी तीच राहिली. कन्नड घरात ती ‘जोळद रोट्टी’ असते आणि मराठी घरात ज्वारीची भाकर. तिच्यासोबत तुरीचे वरण, हरभऱ्याची पाने, शेंगदाण्याची चटणी आणि ताक हे दोन्ही घरांत सारखेच. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या साऱ्या पट्ट्यातील माणसे शेतात जाऊन जेवतात. तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे आणि हंगामी भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील आणि उंडे हा त्या दिवसाचा बेत असतो. उत्तर कर्नाटकातून आलेल्या श्रमिक कुटुंबांमुळे ही भाकरी गोव्यातही अनोळखी राहिलेली नाही.

या साध्या अन्नाचा संबंध कर्करोगाच्या एका आनुवंशिक प्रकाराशी जोडणारे संशोधन गेल्या काही वर्षांत पुढे आले आहे. जनुकातच दोष घेऊन जन्मलेल्या माणसाच्या शरीरात गाठ होणे न होणे हे त्याच्या ताटावर काही अंशी तरी अवलंबून असते का, हा त्यामागचा प्रश्न. त्याचे उत्तर ‘काही अंशी होय’ असे आहे. हा ‘काही अंश’ नेमका किती, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे. कारण त्याचा विपर्यास झाला तर माणसे औषधोपचार सोडून काढ्यांच्या मागे लागतात.

एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे भाकीत

ज्या विकाराविषयी हे संशोधन झाले त्याचे नाव ‘लिंच सिंड्रोम’. त्याची कथा १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सुरू होते. तेथील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री होती. आपल्या घराण्यात सगळेच पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, आपणही तशाच जाऊ, असे तिने त्यांना सांगितले. पुढे तिचा मृत्यू गर्भाशयाच्या कर्करोगानेच झाला. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकले नाही. त्यांनी त्या जर्मन वंशाच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या इतिहासात हे घराणे ‘फॅमिली जी’ म्हणून ओळखले जाते. त्या काळी कर्करोग वारशाने येऊ शकतो ही कल्पना फारशी कोणी मनावर घेत नव्हते. नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये आणखी दोन घराण्यांची नोंद प्रसिद्ध केली आणि पुढे आयुष्यभर हा विषय लावून धरला. दोषी जनुके सापडायला १९९३ आणि १९९४ ही वर्षे उजाडावी लागली.

पेशी विभागते तेव्हा तिच्यातील डीएनएची नक्कल तयार होते. लक्षावधी अक्षरे उतरवताना चुका होणारच. त्या शोधून दुरुस्त करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर ते पेशीचे मुद्रितशोधन आहे. हे काम करणाऱ्या एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या चारपैकी एका जनुकात जन्मतः दोष असणे म्हणजे लिंच सिंड्रोम. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. मात्र आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली, की त्या पेशीच्या नकलांमध्ये चुका साचत जातात आणि त्यांतून गाठ जन्माला येऊ शकते.

सर्वाधिक धोका मोठ्या आतड्याला आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराला असतो. त्याखेरीज अंडाशय, जठर, लहान आतडे, पित्तमार्ग, स्वादुपिंड आणि मूत्रमार्ग यांचे कर्करोगही या विकारात सामान्य लोकांपेक्षा अधिक आढळतात. दोष कोणत्या जनुकात आहे यावर धोक्याचे प्रमाण ठरते. एमएलएच-१ आणि एमएसएच-२ मधील दोष अधिक घातक, तर पीएमएस-२ मधील बराच सौम्य. पाश्चात्त्य देशांत साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा वारसा असतो असे मानले जाते; म्हणजे हा फार दुर्मीळ विकार नव्हे. दोष बाळगणाऱ्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी.

आहाराच्या दृष्टीने ‘फॅमिली जी’च्या वंशावळीतील एक गोष्ट फार बोलकी आहे. वॉर्थिन यांच्या काळात या घराण्यात जठराचा कर्करोग अधिक होता. पुढच्या पिढ्यांत तो मागे पडला आणि मोठ्या आतड्याचा पुढे आला. जनुकातील दोष पिढ्यान्‌पिढ्या तोच होता. बदलले होते ते भोवतालचे जग. खारवलेल्या, टिकवलेल्या अन्नाची जागा ताज्या आणि शीतकपाटातल्या अन्नाने घेतली, जठरातील जंतुसंसर्ग घटला, मांस आणि मेद वाढले. याच्याशी जुळणारे निरीक्षण आशियातही आहे. जपान आणि कोरियात जठराचा कर्करोग एकूणच जास्त. तेथील लिंच कुटुंबांतही तो पाश्चात्त्य कुटुंबांपेक्षा अधिक दिसतो. गाठ होण्याची शक्यता जनुक वाढवते. ती कोणत्या अवयवात उगवेल यात मात्र परिसराचा आणि अन्नाचा हात असतो, असे यावरून म्हणता येते.

न पचणाऱ्या पिष्टाची परीक्षा

भाकरी, भात, बटाटा, केळे यांतील पिष्ट म्हणजे स्टार्च बहुतांशी लहान आतड्यात पचून साखरेच्या रूपाने रक्तात जाते. त्यातला काही भाग मात्र पाचकरसांना दाद देत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणूंचे खाद्य होतो. याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणतात. मराठीत ‘प्रतिरोधी पिष्ट’ म्हणता येईल. हिरवट केळी, कडधान्ये, भरड दळलेली धान्ये आणि शिजवून थंड झालेले अन्न यांत ते अधिक असते. शिजवल्यावर फुगलेले पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बांधले जाते आणि त्याचा काही भाग पचनाला अवघड होतो. शिळ्या भाकरीत किंवा आदल्या रात्रीच्या भातात हीच क्रिया घडलेली असते. जिवाणू हे पिष्ट आंबवतात तेव्हा लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. प्रयोगशाळेत ते कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते असे पुष्कळदा दिसले आहे.

आफ्रिकेत काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात चोथायुक्त आहार आणि आतड्याचे आरोग्य यांचा संबंध जगापुढे आणला होता. तरी कल्पना आणि पुरावा यांत अंतर असते. ते भरून काढण्यासाठी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील सर जॉन बर्न आणि जॉन मॅथर्स यांच्या पुढाकाराने ‘कॅप-२’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी उभी राहिली. लिंच सिंड्रोम असलेल्या सुमारे एक हजार व्यक्ती तिच्यात सहभागी झाल्या. काहींना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले गेले, काहींना रोज ३० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट, काहींना दोन्ही, काहींना फक्त तसेच दिसणारे निष्क्रिय पदार्थ. कोणाला काय मिळते आहे हे सहभागींना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. सरासरी दोन वर्षे हे चालले आणि मग अनेक वर्षे या मंडळींच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला.

पहिले निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि ते निराशाजनक होते. मोठ्या आतड्यातील गाठींवर ना अ‍ॅस्पिरिनचा परिणाम दिसला, ना पिष्टाचा. अनेक संशोधने येथेच फाइलबंद होतात. या गटाने वाट पाहिली. २०११ मध्ये अ‍ॅस्पिरिनचा लाभ उघड झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ मागोव्यात अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ४२७ जणांपैकी ४० जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, तर निष्क्रिय गोळी घेतलेल्या ४३४ पैकी ५८ जणांना. फरक दिसायला काही वर्षे जावी लागली, पण औषध थांबवल्यावरही तो टिकून राहिला.

पिष्टाची कहाणी अधिक अनपेक्षित निघाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर, म्हणजे ज्यासाठी हा सारा खटाटोप होता त्यावर, त्याचा परिणाम पुढेही दिसलाच नाही. परिणाम दिसला तो इतर अवयवांवर. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पिष्ट घेतलेल्या ४६३ जणांपैकी २७ जणांना मोठ्या आतड्याखेरीज इतर लिंच कर्करोग झाले. न घेतलेल्या ४५५ जणांत ही संख्या ४८ होती. जठर, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड या वरच्या पचनमार्गाच्या कर्करोगांत तर ५ विरुद्ध २१ असा फरक होता. हे कर्करोग दुर्बिणीने वेळेत सापडणे कठीण असते, म्हणून या आकड्यांना विशेष मोल आहे. जिवाणूंकडून होणाऱ्या पित्ताम्लांच्या चयापचयात पिष्टामुळे बदल होत असावा आणि त्यातून डीएनएला पोहोचणारी इजा कमी होत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

ही चाचणी काटेकोर होती, तरी तिच्या मर्यादा नजरेआड करू नयेत. इतर अवयवांचे कर्करोग हा तिचा दुय्यम प्रश्न होता, मुख्य नव्हे; आणि ५ व २१ हे आकडे लहान आहेत. शिवाय चाचणीत दिले गेले ते मक्यापासून तयार केलेले, मोजून घेतलेले पिष्ट. भाकरी किंवा केळे नव्हे. ‘रोज एक हिरवट केळे खा, कर्करोग टाळा’ अशा मथळ्यांनी जगभरच्या वृत्तपत्रांनी जे सांगितले, ते मूळ संशोधनाच्या बरेच पुढे गेलेले होते.

प्रयोगशाळेतूनही उलट सूर आलेला आहे. टोरांटो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये एपीसी आणि एमएसएच-२ ही दोन्ही जनुके बिघडलेल्या उंदरांवर प्रयोग केले. त्यांत पिष्टमय पदार्थ कमी दिल्यावर गाठी घटल्या आणि ब्युटिरेट दिल्यावर आतड्याच्या पेशी उलट अधिक वेगाने वाढल्या. जे ब्युटिरेट एरवी रक्षक, तेच मुद्रितशोधन हरवलेल्या पेशीत वाढीला खतपाणी घालते काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. माणसांवरील चाचणीत पिष्टाने मोठ्या आतड्याचे कर्करोग वाढवले नाहीत, ही दिलासा देणारी बाब. मात्र ‘चोथा म्हणजे चांगलेच’ इतके सोपे समीकरण येथे चालत नाही, हे यातून कळते.

हळद, मासळी आणि साखर

आतड्याचा दुसरा आनुवंशिक विकार म्हणजे कौटुंबिक पॉलिपोसिस. एपीसी या जनुकातील दोषामुळे, बहुधा पौगंडावस्थेपासूनच, मोठ्या आतड्यात शेकडो मोड उगवतात. शस्त्रक्रिया केली नाही तर त्यांतील एखाद्याचा कर्करोग होणे जवळजवळ अटळ असते. मोड डोळ्यांनी मोजता येत असल्यामुळे आहाराचा परिणाम तपासायला संशोधकांना हा विकार सोयीचा वाटतो.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा प्रयोग हळदीचा. २००६ मध्ये अवघ्या ५ रुग्णांना हळदीतील कुरकुमिन आणि त्यासोबत क्वेर्सेटिन हे द्रव्य सहा महिने देण्यात आले. मोडांची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी घटली आणि हळदीचा जयजयकार झाला. पुढे त्याच संशोधक मार्सिया क्रूझ-कोरिया यांनी ४४ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी घेतली, रोज ३ ग्रॅम कुरकुमिन वर्षभर देऊन. तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला: कुरकुमिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात मोडांच्या संख्येत वा आकारात लक्षणीय फरक नाही. पहिला प्रयोग आजही समाजमाध्यमांवर फिरतो. दुसऱ्याला कोणी पुढे पाठवत नाही.

मासळीची कथा थोडी अधिक आशादायक आहे. ज्यांचे मोठे आतडे काढून लहान आतडे गुदाशयाला जोडले आहे अशा पॉलिपोसिसच्या ५५ रुग्णांवर इंग्लंडमध्ये चाचणी झाली. माशांच्या तेलात असणारे ईपीए हे मेदाम्ल त्यांना रोज २ ग्रॅम देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांत मोडांच्या संख्येत निष्क्रिय औषधाच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांची घट झाली. बांगडा आणि तारले ही ईपीए असलेली मासळी गोमंतकीय घरात आठवड्यातून अनेकदा शिजते. पण चाचणीतील मात्रा शुद्ध केलेल्या औषधाची होती. हुमणाच्या एका वाटीने ती भरून निघेल असा अर्थ कोणी काढू नये.

साखरेविषयीचा पुरावा प्राण्यांवरचा आहे, पण लक्ष वेधणारा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ मध्ये एपीसी जनुक निकामी केलेल्या उंदरांना मक्याच्या फ्रुक्टोजयुक्त पाकाचे पाणी रोज थोडेसे पाजले. माणसाच्या हिशोबात ते दिवसाला साधारण एक डबा शीतपेयाइतके होते. उंदीर लठ्ठ झाले नाहीत. तरीही त्यांच्या आतड्यातील गाठी मोठ्या झाल्या आणि अधिक आक्रमक बनल्या. साखर आधीच असलेल्या गाठीला वाढवते, असा याचा अर्थ. नेदरलँड्समध्ये लिंच सिंड्रोमच्या ४८६ जणांच्या आहाराची नोंद ठेवण्यात आली. तळलेले, खारवलेले, वेष्टनातले चटकमटक पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्यांत आतड्यातील मोड आढळण्याचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होते.

सर्वांत ठोस दुवा बहुधा लठ्ठपणाचा. ‘कॅप-२’मधील सहभागींचे वजन नंतर तपासले गेले तेव्हा लठ्ठ व्यक्तींना मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका सडपातळ व्यक्तींच्या तुलनेत सुमारे २.४ पट आढळला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. म्हणजे कोणता एक पदार्थ खावा यापेक्षा एकूण किती खावे आणि शरीर किती हलवावे हा प्रश्न अधिक निर्णायक आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. गोव्याचे चोरिस त्याच व्याख्येत बसते. सणावाराला चव घेणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण ज्याच्या घराण्यात हा वारसा आहे त्याने ते रोजच्या न्याहारीला घेऊ नये.

बार्शीची नोंदवही

कमठाण्याच्या पश्चिमेला, लातूर-धाराशिवच्या पलीकडे बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधारे आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. या नोंदणीने वर्षानुवर्षे दाखवले की, ज्वारी-तुरीवर जगणाऱ्या या पट्ट्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अत्यंत कमी आहे. पाश्चात्त्य देशांच्या तर पासंगालाही पुरत नाही.

याचे श्रेय भाकरीला द्यावे काय? मोह होतो. ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन शिजवताना पिष्टाभोवती जाळे विणते आणि त्यामुळे ज्वारीचे पिष्ट गहू-तांदळाच्या मानाने सावकाश पचते, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. तुरीची आणि हरभऱ्याची जोड मिळाली की मोठ्या आतड्यात पोहोचणारा भाग वाढतो. मात्र या पट्ट्यातील माणूस केवळ भाकरी खात नव्हता. तो दिवसभर शेतात राबत होता, त्याच्या अंगावर मेद नव्हता, मांस सणापुरते होते आणि अनेकांना तपासणी पोहोचतच नव्हती. यांतील कोणता धागा किती जाड, हे केवळ नोंदवहीवरून वेगळे करता येत नाही.

आहार बदलला तर आतडे किती लवकर प्रतिसाद देते, याचा एक नेमका प्रयोग मात्र झालेला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गचे २० कृष्णवर्णीय रहिवासी आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील २० ग्रामस्थ यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांना चोथायुक्त आफ्रिकी जेवण, आफ्रिकनांना मांस-मेदाचे अमेरिकी जेवण. अवघ्या पंधरवड्यात अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि अस्तराचा दाह घटला. आफ्रिकी ग्रामस्थांत नेमके उलटे झाले.

सीमाभागात अशीच अदलाबदल गेली पंचवीस-तीस वर्षे, कोणत्याही प्रयोगाविना, चालू आहे. बीदर जिल्ह्यात ज्वारीच्या रानात सोयाबीन आणि ऊस आला. शिधापत्रिकेवरचा तांदूळ स्वस्त झाला. २०१३ मध्ये कर्नाटकाची अन्नभाग्य योजना आल्यावर तर तो घरोघरी पोहोचला. भुकेच्या दृष्टीने ही योजना वरदान आहे, यात वाद नाही. तरीही ताटातली भाकरी कमी झाली आणि पॉलिश केलेला भात वाढला हेही तितकेच खरे. गोव्यात उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील आणि अळसाण्यांची उसळ यांची जागा मैद्याच्या पावाने आणि बेकरीच्या पदार्थांनी घेतली, ती याच वळणाने. मुंबईच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतले आढळले आहे. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः साठी-सत्तरीत दिसतो. आपल्याकडची लोकसंख्याच तरुण, हे त्याचे एक कारण. पण तरुण रुग्णात आनुवंशिक दोषाचा संशय आधी घ्यावा लागतो, हे वैद्यकाने कधीच ठरवलेले आहे.

घराण्याची गोष्ट लपवली जाते तेव्हा

येथे आहारापेक्षाही अवघड विषय येतो. एखाद्या घरात काका पोटाच्या आजाराने गेले, आत्या ‘अंगावरून जाऊन’ गेली, वडील पंचेचाळिशीत गेले, तर त्याला दैव म्हटले जाते किंवा घराण्याचा दोष. दोन्ही नावांनी गोष्ट दडवलीच जाते, कारण घरात लग्नाच्या मुली असतात. वॉर्थिन यांच्याकडच्या त्या स्त्रीने जे उघड सांगितले, ते आपल्याकडे डॉक्टरलाही सांगितले जात नाही.

सीमाभागात मामाच्या मुलीशी किंवा थेट भाचीशी लग्न करण्याची रीत आजही आहे. एकाच घराण्यातील दोघांकडे हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलांना बालपणीच मेंदूचा, रक्ताचा वा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो. त्यांच्या अंगावर बहुधा दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असतात आणि ते पाहून अनेकदा भलत्याच विकाराचे निदान होते. या मुलांच्या बाबतीत आहाराची चर्चा जवळजवळ निरर्थक ठरते. तेथे लवकर निदान हाच आधार.

आहाराला औषध मानण्याचा धोका किती मोठा आहे, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये देशाने पाहिले. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगावर कडुनिंब, हळद, लिंबू आणि साखर-दुधाचा त्याग यांनी मात केल्याचे सांगितले. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती, ही गोष्ट ध्वनिचित्रफीत पुढे पाठवणाऱ्यांनी वगळली. टाटा स्मारक केंद्राच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना निवेदन काढून असल्या दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नयेत असे सांगावे लागले. कमठाण्यासारख्या गावातून कलबुर्गीच्या किदवई उपकेंद्रात किंवा हैदराबादच्या रुग्णालयात जायचे म्हणजे मजुरी बुडवून, एसटीचे पैसे मोजून जावे लागते. अशा माणसाला घरच्या हळदीचा मार्ग सोपा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून तर चुकीच्या दाव्याची किंमत शहरी माणसापेक्षा त्यालाच अधिक पडते.

लिंच सिंड्रोममध्ये प्राण वाचवणारी सिद्ध झालेली गोष्ट म्हणजे दुर्बिणीने नियमित तपासणी. फिनलंडमध्ये २५२ जणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून मोड काढून टाकल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आता ज्यांच्यात दोष सिद्ध झाला आहे त्यांनी, जनुकानुसार, वयाच्या पंचविशीपासून किंवा पस्तिशीपासून दर एक-दोन वर्षांनी ही तपासणी करावी असे मानले जाते. अ‍ॅस्पिरिन घेण्याचा विचार मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा, कारण त्याने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. नेमकी मात्रा ठरवण्यासाठी ‘कॅप-३’ या चाचणीत १००, ३०० आणि ६०० मिलिग्रॅमची तुलना करण्यात आली.

संशय कोणी घ्यावा, याचा एक जुना ठोकताळा १९९० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे ठरला: जवळच्या नात्यातील तिघांना मोठ्या आतड्याचा कर्करोग, तो लागोपाठच्या दोन पिढ्यांत, आणि त्यांपैकी निदान एकाला पन्नाशीच्या आत. पुढे त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा आणि इतर काही कर्करोगही धरले गेले. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, शौचातून रक्त जाणे, कारण न कळता हिमोग्लोबिन उतरणे ही लक्षणे अशा घरात अंगावर काढू नयेत. तपासणीची सुरुवात जिवंत असलेल्या रुग्णापासून करायची असते: काढलेल्या गाठीचा तुकडा विकृतिशास्त्र विभागात जपून ठेवलेला असतो आणि त्यावरच दुरुस्ती-प्रथिने आहेत की नाहीत हे प्रथम पाहता येते. रक्ताची जनुकीय चाचणी त्यानंतर. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात आनुवंशिक कर्करोगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. गोव्यातील रुग्णाने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बीदरच्या रुग्णाने तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांकडून पत्र घेऊन जावे. जाताना आजोबा-आजीपर्यंतची वंशावळ, कोणाला कोणत्या वयात काय झाले याची नोंद आणि जुने बायॉप्सी अहवाल सोबत न्यावेत. अहवाल हरवला असेल, तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे गाठीचा मेणात जपलेला ठोकळा मागता येतो.